कुलपातले दाणे

लॉक

"आत जातेय," मी म्हटलं. "पण शेवटपर्यंत नाही. मध्येच कुठंतरी थांबते."

"जोर नको लावू," अण्णा म्हणाले.

"नाही लावत."

"लावून राहिली. मले ऐकू येतं."

माझं डोकं स्टिअरिंगखाली होतं, पाठ पुढच्या सीटवर आडवी आणि पाय दाराबाहेर. अण्णा, म्हणजे माझे वडील, उघड्या दाराला टेकून उभे होते. आई पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि बापलेकीचा कार्यक्रम बघत होती.

"त्या भोकात काय दिसतं तुले?" तिनं विचारलं.

"अंधार."

"मग बरोबर. सकाळपासून अंधारच दुरुस्त करून राहिली."

गाडीची चावी फिरत नव्हती. एवढीच गोष्ट आहे.

नाही. एवढीच असती तर इतक्या वर्षांनी मी ती सांगायला बसले नसते. पण इथून सुरू केली की ती पुढे सरकत नाही. चावी बाहेर काढते. पुन्हा घालते.

पुन्हा लॉक

भुसावळ. दसरा नुकताच झालेला. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं अजून होती आणि आरशाला बांधलेला झेंडूचा हार सुकून दोरीवर आला होता.

मी तेव्हा नाशिकला कवळ्या बनवायच्या एका लॅबमध्ये कामाला होते आणि सणाला घरी आले होते. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची माझी खोड फार जुनी. कुकरची शिट्टी, गजराचं घड्याळ, शेजारच्या झोपेकाकूंचं शिवणयंत्र. सगळं मी उघडलं, सगळं परत जोडलं आणि दर वेळी एखादा स्क्रू उरला. आई ते उरलेले स्क्रू एका डबीत जपून ठेवायची. पाहुणे आले की दाखवायची. मुलीची प्रगती म्हणून.

अण्णा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. कोळशाच्या इंजिनावर फावडं मारण्यापासून सुरुवात आणि विजेच्या इंजिनावर शेवट. रिटायर झाल्यावर त्यांनी ही पांढरी छोटी गाडी घेतली. जुनीच. पण आईसाठी ती कधी जुनी झाली नाही. ती गाडीत बसण्याआधी चपला झटकायची.

आणि येत्या रविवारी फैजपूरला रामदासमामांची एकसष्टी होती.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आईच्या लग्नात भर पंगतीत ते म्हणाले होते, "आमची इंदू कोळशात दिली." सगळी पंगत हसली होती. आईनं ते वाक्य लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं. आता रविवारी मामांच्या दारात, सगळ्या भाऊबंदांसमोर, ती स्वतःच्या गाडीतून उतरणार होती, आणि गाडी चालवत असणार होता तो कोळशातला माणूस. तिनं जांभळं इरकल कपाटातून काढून खुर्चीवर घडी घालून ठेवलं होतं. येताजाता ती त्यावरून हात फिरवायची.

अशात एका सकाळी अण्णा अंगणातून आत आले आणि म्हणाले, "गाडीचं कुलूप बसलं."

"बसलं म्हणजे?"

"चावी जात नाही. फिरत नाही." मग लगेच, "जाऊ दे. रविवारी एसटीनं जाऊ. थेट फैजपूरची आहे."

"एसटीनं?" आई म्हणाली. "दादाच्या एकसष्टीले? मंग डोक्यावर कोळशाचं टोपलंच घेते ना. म्हणजे त्याले ओळखू येईन."

"कुलूपवाल्याला बोलावू का?" मी विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले. "ते लोक सगळं कापूनच काढतात. तू पाह्य."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. अण्णांनी आपणहून मला काही उघडायला सांगितलं, असं उभ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

"मी?"

"तूच. तुझ्याजवळ ती दातांची हत्यारं आहेत ना."

"आणि स्क्रू उरला तर?" आई म्हणाली.

"उरू दे," अण्णा म्हणाले.

कारणही त्यांनीच सांगून टाकलं. खंडेनवमीला आईनं गाडीची पूजा केली होती, त्यातल्या अक्षता कुलपात गेल्या असणार.

"मी बॉनेटवर टाकल्या," आई म्हणाली. "स्टिअरिंगवर टाकल्या. चावीवर थोड्याशा."

"झालं तर मग."

"भोकात नाही टाकल्या!"

"दाण्याले काय कळतं, इंदू, कुठं जायचं नाही ते?"

अक्षतांचं सांगायला हवं. पूजेच्या आदल्या दिवशी आईनं ताटात तांदूळ ओतून मला निवडायला बसवलं होतं. देवाला वाहायचा दाणा अख्खा लागतो. टोक उडालेला एक दाणाही तिला खपत नाही. मला कंटाळा आला की मी एखादा तुटका दाणा हळूच अख्ख्यांच्या ढिगात सरकवायची, आणि आई माझ्याशी बोलता बोलता, ताटाकडे न बघितल्यासारखं करून, तो बाहेर काढायची. निवडलेले दाणे तिनं कुंकवाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवले. उरलेली कणी अण्णांच्या डब्यात गेली. खिडकीतल्या त्या पत्र्याच्या डब्यातली मूठभर कणी अण्णा रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर टाकायचे, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या चिमण्या आमच्याकडे नाश्त्याला यायच्या.

आणखी एक सांगते, मग चावी पुढे जाईल.

अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही तिघं गाडीनं देवीला गेलो होतो. अण्णा चालवत होते, आई त्यांच्या डाव्या हाताला, मी मागे.

"डावीकडे सायकल," आई म्हणाली.

"डावीकडे सायकल," अण्णा म्हणाले.

"पुढे म्हैस."

"पुढे म्हैस."

"हे काय चाललंय?" मी हसायला लागले.

"इंजिनात असंच असते," अण्णा म्हणाले. "असिस्टंट सिग्नल पाहून ओरडतो, ड्रायव्हर तेच परत ओरडतो. दोघांच्या तोंडून आल्याशिवाय सिग्नल खरा धरायचा नाही."

"म्हणजे आई असिस्टंट?"

"वर्ष झालं," आई म्हणाली. "प्रमोशन नाही अजून. म्हैस गेली."

"म्हैस गेली," अण्णा म्हणाले, आणि गाडी पुढे घेतली.

म्हातारपणी नवराबायकोला काय काय खेळ सुचतात, असं मला वाटलं होतं.

एसीसी

गाडीच्या कुलपाभोवती चार मुक्काम कोरलेले असतात. लॉक, एसीसी, ऑन, स्टार्ट. चावी पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली की रेडिओ लागतो, तिसऱ्यावर दिवे लागतात, चौथ्यावर इंजिन. कुलूप उपसून बाहेर काढायचं तर चावी किमान दुसऱ्या मुक्कामाला पोचावी लागते. मगच पोटातली एक बारीक खुंटी दाबता येते. म्हणजे कुलूप उघडायला आधी कुलूप उघडलेलं हवं. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला, की मी तो मोठ्यानं बोलून दाखवला.

"हे तर नोकरीसारखं झालं," आई म्हणाली. "आधी अनुभव आणा, मग अनुभव देतो."

मी माझी पेटी उघडली. दात तपासायचा छोटा गोल आरसा, टोकाला वाकडी असलेली बारीक सळई, चिमटा, कापूस. बॅटरी तोंडात धरली आणि आरसा कुलपासमोर नेला.

आधी दिसले ते ओरखडे.

भोकाच्या भोवती, सगळ्या बाजूंनी, बारीक बारीक. काही जुने, काळे पडलेले. काही इतके ताजे की चमकत होते. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसा त्या भोकाभोवतीचा पत्रा उकरलेला होता.

"अण्णा, हे ओरखडे कसले?"

"कुठं?"

"कुलपाभोवती. किती आहेत!"

"जुनी गाडी आहे."

"ताजे वाटतात पण."

"चिमण्या असतील," आई म्हणाली. "काच उघडी ठेवतात हे."

मी सळई आत घातली. टोकाला लाल चिखल लागून आला. कुंकू आणि तेल.

"यात तेल कुणी घातलं?"

"मी. मशीनचं," अण्णा म्हणाले. "मोकळं होईन म्हटलं."

"अहो अण्णा, असल्या कुलपात तेल नाही घालायचं. धूळ धरून त्याचा चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड घालतात."

"हो का?" अण्णा म्हणाले.

सगळं आयुष्य यंत्रांच्या पोटात काढलेला माणूस. हो का.

"घरात पेन्सिल आहे का?"

"नसणार," अण्णा म्हणाले. "मी आणतो. कोपऱ्यावरून." आणि चपला पायात सरकवून ते निघालेसुद्धा.

आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. उठली, फाटकाशी गेली आणि तिथंच उभी राहिली.

मी गाडीतच होते. समोरच्या काचेतून मला फाटकापलीकडची गल्ली दिसत होती आणि गल्लीत अण्णांची पाठ. ते भिंतीला हात लावून चालत होते. आमची भिंत संपली, झोपेकाकूंची सुरू झाली. त्यांनी हात उचलला नाही. भिंतीवरून बोटं ओढत जाणाऱ्या पोरासारखे ते चालले होते. शेवटची भिंत संपली, रस्ता आला. तिथं ते थांबले. मान डावीकडे वळवली, नुसती नाही, खांद्यापर्यंत, अख्खी. मग तशीच उजवीकडे.

"रिक्षा," आई फाटकाशी पुटपुटली. "थांबा. रिक्षा आहे."

तिचा आवाज माझ्यापर्यंतच जेमतेम आला. अण्णांपर्यंत जाणं शक्यच नव्हतं.

"गेली," ती म्हणाली. "जा आता."

अण्णा रस्ता ओलांडून गेले. आई परत येऊन पायरीवर बसली आणि तिनं सूप मांडीवर घेतलं.

"आई—"

"तू कुलूप पाह्य."

मी कुलूप पाहिलं. पेट्रोलमध्ये कापसाचे बोळे भिजवून, सळईच्या टोकाला गुंडाळून, आत फिरवले. लाल आले, तांबूस आले, मग नुसते ओले आले. दातात अडकलेलं काढायची माझी एक पद्धत होती. ढकलायचं नाही, खालून उचलायचं. पहिला दाणा तसाच निघाला. मग दुसरा. मग आणखी. मी ते एका बशीत ठेवत गेले. आणि मग चावी घातली.

ती गेली. शेवटपर्यंत. आतल्या एकेका पत्रीवरून टिकटिकत, एखादा शब्द आठवावा तशी.

फिरवली.

खट्.

"आई! एसीसी!"

"ते काय असतं?"

"दुसरा मुक्काम!"

ऑन

खुंटीचं भोक सापडलं. केसांतला आकडा सरळ करून त्यात घातला, दाबलं, आणि चावी ओढली तसं अख्खं कुलूप चावीला लटकून माझ्या हातात आलं.

अंगठ्याएवढं पितळी नळकांडं. त्याच्या अंगात चपट्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक पितळी पत्री. चावी बाहेर ओढली की पत्र्या उड्या मारून वर येत; चावी आत घातली की सगळ्या माना खाली घालून एका ओळीत उभ्या राहत. एकही डोकं वर राहिलं तर नळकांडं अडलं. प्रत्येक पत्रीखाली मुंगीच्या डोक्याएवढी स्प्रिंग. मी चावी घालत होते, काढत होते, घालत होते. नाशिकला इतके दिवस मी माणसांच्या तोंडाचे साचे हाताळत होते, पण इतकं आज्ञाधारक तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

"आई, इकडे ये! बघ हे! कसलं डोकं लावलंय माणसानं!"

आई पदराला हात पुसत आली. तिनं नळकांड्याकडे बघितलं नाही. तिनं बशीकडे बघितलं.

"आणि हे?"

"या तुझ्या अक्षता. यांनीच अडवलं होतं. अण्णा म्हणत होते तेच निघालं."

आईनं चिमटीत एक दाणा उचलला. उन्हात धरला. ठेवला. दुसरा उचलला.

"ही कणी आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कणी. डोळे फुटले का तुझे? याले टोक कुठंय? हा पाह्य, अर्धा. हा पण अर्धा."

"चावीनं मोडले असतील आत."

"मोडले तर उरलेले अर्धे कुठं गेले?"

मी सळई घेऊन नळकांड्यात बघितलं, स्टिअरिंगच्या पोकळीत बघितलं, लाल कापूस उलगडून बघितला. उरलेले अर्धे कुठंच नव्हते.

"आणि रंग पाह्य," आई म्हणाली. तिनं एक दाणा नखानं मोडला. आत पांढराशुभ्र. "माझ्या अक्षता मी भिजवते. कुंकू पोटापर्यंत मुरते. हे वरून चोपडलेलं होतं, तुझ्या पेट्रोलनं निघून गेलं." मग जरा रागानं, "कणी मी देवाले वाहते का कधी? पन्नास वेळा निवडते मी! हे मेलं कुणी—"

आणि ती थांबली.

मी तिच्या नजरेमागे गेले. खिडकीत पत्र्याचा डबा होता. झाकण अर्धवट लागलेलं. त्यावर एक चिमणी बसून आत मान घालायच्या प्रयत्नात होती.

बराच वेळ आम्ही दोघी त्या चिमणीकडे बघत राहिलो.

"अण्णांनी?" मी म्हटलं. "स्वतःच्या गाडीत? पण का?"

आई गाडीला वळसा घालून गेली, डावीकडचं दार उघडलं, चपला झटकल्या आणि आपल्या जागेवर बसली. समोरच्या काचेतून फाटकाकडे बघत राहिली.

"मी सांगत होतीच ना सगळं," ती म्हणाली. "सायकल सांगत होती. म्हैस सांगत होती."

"आई, अण्णांना दिसत नाही?"

"समोरचं दिसते. डावीकडचं गेलं. उजवीकडचंही चाललं थोडं थोडं."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"ते काबरं सांगतील? रेल्वेत डोळ्यांच्या तपासणीत कधी नापास नाही झाला तो माणूस."

"मग तुला कसं कळलं?"

"ताटात डावीकडची चटणी तशीच राहू लागली," आई म्हणाली. "आधी वाटलं, तिखट झाली. मग लोणचं राहिलं. मग लिंबू. मी काही नाही बोलली. आता मी चटणी भाजीच्या शेजारी वाढते. सगळी खातात."

मी हातातलं कुलूप बंद-उघड करत होते. हात थांबत नव्हते.

"त्यांना माहीत आहे का, तुला माहीत आहे ते?"

"माहीत असतं तर कणी घातली असती का?"

मग ती एकदम हसली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "इतकं सगळं केलं. कुंकू चोपडलं, तेल घातलं, माझ्या अक्षतांचं नाव घेतलं. आणि दाणे उचलले कुठले, तर चिमण्यांचे! त्यांले वाटलं तांदूळ म्हणजे तांदूळ. जन्मभर माझ्या शेजारी पाटावर बसून पूजा केली या माणसानं."

"तुला 'नाही' म्हणता आलं नसेल त्यांना," मी म्हटलं. "रविवारचं."

आई मागे वळून घरात बघत होती. उघड्या दारातून खुर्चीवरचं जांभळं इरकल दिसत होतं.

"हे परत बसवलं," तिनं विचारलं, "तर फिरेल?"

"लोण्यासारखं."

"बसव."

मी बसवलं. खुंटी टच्चकन आपल्या जागी गेली. चावी फिरवली, दुसरा मुक्काम, मग तिसरा. काट्यांच्या खाली दोन लाल दिवे लागले. आणखी जरा मनगट वळवलं असतं की इंजिन सुरू झालं असतं. एकही स्क्रू उरला नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं.

"हे लाल काय?" आईनं विचारलं.

"काही नाही. गाडी तयार आहे म्हणून लागतात."

"लाल आहे ना?"

"लाल आहे."

"मग थांबायचं," आई म्हणाली. आणि जरा वेळानं, "ज्योत्स्ने, न फिरेल असं करता येतं का?"

शेवटचं लॉक

येतं. ते कसं करायचं हे जगात त्या दिवशी माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चावी मागे घेतली, बाहेर काढली. आई आत जाऊन देवघरातली अक्षतांची वाटी घेऊन आली.

"कणीच घालू ना परत," मी म्हटलं. "आहेत की बशीत."

"नाही. करायचंच तर नीट करू. उद्या कुणी कुलूपवाला उघडेल, कुणी बाई पाहील. तिले एका नजरेत कळेल. चार लोकांत त्यांचं हसं व्हायले नको."

ती वाटीतून दाणे निवडू लागली. वाटीतले सगळेच निवडलेले होते, तरी ती निवडत होती. एकेक अख्खा, पोटापर्यंत लाल दाणा ती माझ्या तळहातावर ठेवत गेली, आणि मी चिमट्यानं तो कुलपात नेऊन, सळईनं ढकलत, तिसऱ्या पत्रीच्या मागे, पत्री खाली बसूच शकणार नाही अशा बेतानं उभा करत गेले. एक दाणा जास्तीचा झाला. तो आईनं परत घेतला. कणी भिंतीवर टाकली. चिमण्या आल्या.

अण्णा आले ते पेन्सिल घेऊन, आणि टोकयंत्रही.

"झालं?"

"बघा तुम्हीच," मी म्हटलं.

ते सीटवर बसले. चावी हातात घेतली. मी दाराशीच उभी होते. चावीचं टोक पत्र्यावर टेकलं. कर्र. जरा वर. कर्र. जरा बाजूला. त्यांची नजर समोर फाटकाकडे होती आणि चेहरा अगदी शांत होता, जसं काही चाललेलंच नाही. मग टोक भोकात गेलं.

अर्ध्यावर थांबलं.

त्यांनी फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हात मांडीवर ठेवला, आणि मी त्यांचा श्वास सुटताना ऐकला.

"नाही?" ते म्हणाले.

"नाही हो अण्णा."

"सगळं करून नाही?"

"अक्षताच गेल्या आहेत," आई म्हणाली. ती दुसऱ्या बाजूनं आली होती, तिच्या बाजूनं, आणि खिडकीतून आत वाकली होती. "तुम्ही म्हणत होते तेच खरं. माझाच हात सैल. हा एक निघाला, बाकीचे पार आत बसले."

तिनं तळहात पुढे केला, त्यांच्या नाकासमोर, जिथं त्यांना दिसत होतं तिथं. अण्णांनी दाणा उचलला. बघितला असेल, पण मला आठवतं ते त्यांचं चाचपणं. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून त्यांनी तो हळूहळू फिरवला. एक टोक. मग दुसरं टोक. मग परत पहिलं.

"अख्खा आहे," ते म्हणाले.

"अक्षता अख्ख्याच असतात," आई म्हणाली.

अण्णा दाणा फिरवत राहिले. भिंतीवर चिमण्यांचं भांडण चाललं होतं. माझ्या हातात टोकयंत्र होतं आणि त्याचा स्क्रू काढून बघावा असं मला फार वाटत होतं.

"मग रविवारी?" अण्णांनी विचारलं. आईकडे न बघता.

"एसटीनं जाऊ. थेट आहे म्हणता ना."

"थेट आहे."

"मग झालं. मी खिडकीशी बसेन."

अण्णांनी तो दाणा सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला. मग चावी काढून माझ्याकडे दिली.

ती गाडी पुढे कितीतरी वर्षं पोर्चमध्ये उभी होती. दर खंडेनवमीला आई तिची पूजा करायची आणि अक्षता टाकताना जोरात सांगायची, "बॉनेटवर टाकून राहिली हो, भोकात नाही." अण्णा आतून ओरडायचे, "बॉनेटवर!" शेवटी भंगारवाल्यानं ती ओढून नेली. चावी फिरवून दाखवा, असं त्यानं काही म्हटलं नाही.

स्टार्ट

रामदासमामांच्या दारात आई चालत गेली, जांभळं इरकल नेसून. "गाडी कुठंय गं, इंदू?" मामांनी सगळ्यांसमोर विचारलंच. "देवाच्या अक्षतांनी धरून ठेवली," आई म्हणाली. देवाचं नाव आल्यावर मामांना पुढे काही सुचलं नाही. पण हे नंतरचं. त्याआधी बस.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तशी अख्खी एसटी शहारली. आई डावीकडच्या खिडकीशी, अण्णा तिच्याशेजारी, मी मागच्या बाकावर. भुसावळ मागे पडलं. तापीचा पूल आला.

"डावीकडे नदी," आई म्हणाली.

ती सांगेल असं मला वाटलं नव्हतं. अण्णांनाही वाटलं नसावं.

"डावीकडे नदी," मग ते म्हणाले.

"पाणी बरं आहे यंदा."

"पाणी बरं आहे."

पुढच्या बाकावरच्या एका माणसानं वळून दोघांकडे बघितलं. आईनं त्याच्याकडे बघितलं, तसा तो सरळ झाला.

पूल संपला. केळीचे मळे लागले.

"डावीकडे केळी," आई म्हणाली.

"डावीकडे केळी." मग अण्णांनी विचारलं, "आणि उजवीकडे?"

आई जागची अर्धी उठली. एक हात अण्णांच्या खांद्यावर टेकून, पलीकडच्या बाकांवरच्या लोकांच्या डोक्यांवरून, तिनं उजवीकडच्या खिडकीबाहेर नीट बघून घेतलं.

"उजवीकडेही केळी."

"हिरवी?"

"हिरवीगार."

"हिरवी," अण्णा म्हणाले.